मेंढी, माकड आणि परळच्या लुसीबाई

सरकारी दवाखान्यातून गरोदर बाईला मिळणारी लाल गोळी आता नांदेड-लातूरच्या वाड्या-तांड्यांपर्यंत पोचली आहे. पोचलेली गोळी पोटात किती जाते हा निराळा विषय, त्याकडे शेवटी येऊ. या गोळीत दोन औषधं असतात. एक ६० मिलिग्रॅम लोह आणि दुसरं ५०० मायक्रोग्रॅम, म्हणजे अर्धा मिलिग्रॅम, फॉलिक ॲसिड. रक्त वाढायला लोह लागतं, हे शाळेतली पोरंही सांगतात. फॉलिक ॲसिड कशाला, असं विचारलं तर मात्र कधी कधी नर्सिंगच्या विद्यार्थिनीही एकमेकींकडे बघतात. या अर्ध्या मिलिग्रॅमचा पहिला माग लागला तो आपल्या मुंबईत, परळला. तो काढला एका इंग्रज डॉक्टर बाईंनी. त्यांचं नाव लुसी विल्स.

लुसीबाईंचा जन्म १० मे १८८८ रोजी बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफिल्ड या गावी झाला. घर खाऊनपिऊन सुखी होतं. वडील विज्ञानाचे पदवीधर, आईचे वडील बर्मिंगहॅममधले नावाजलेले डॉक्टर. मुलींनी शिकावं की नाही, हा प्रश्न त्या घरात कुणाला पडलाच नाही. चेल्टनहॅमच्या मुलींच्या शाळेतून १९०७ साली त्या केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात गेल्या आणि वनस्पतीशास्त्र व भूगर्भशास्त्र शिकल्या. अभ्यास पुरा केला, परीक्षा दिल्या. पण पदवी मिळाली नाही. केंब्रिज विद्यापीठ तेव्हा बायकांना परीक्षेला बसू द्यायचं, पदवी देत नव्हतं. ती द्यायला विद्यापीठाने १९४८ साल उजाडू दिलं. आपला देश स्वतंत्र होऊन वर्ष उलटलं तोवर!

१९११ साली वडील गेले, १९१३ साली बहीण गेली, तीही अवघ्या सव्विसाव्या वर्षी. त्यानंतर लुसी प्रवासाला निघाल्या. आधी आईबरोबर सिलोनला, मग दक्षिण आफ्रिकेला. तिथे असतानाच पहिलं महायुद्ध पेटलं. केपटाऊनमध्ये त्यांनी काही काळ स्वयंसेविका म्हणून शुश्रूषेचं काम केलं. पुढे काय करायचं हे तिथेच ठरलं असावं, कारण १९१५ च्या सुरुवातीला इंग्लंडला परतल्या त्या थेट लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या. मराठी वाचकाला या विद्यालयाची ओळख दुसऱ्या एका नावाने असेल. आपल्या डॉ. रखमाबाई याच विद्यालयातून १८९४ साली डॉक्टर होऊन आल्या होत्या. लुसी १९२० साली डॉक्टर झाल्या तेव्हा त्यांचं वय बत्तीस होतं. आजच्या हिशेबाने उशीरच. पण वनस्पतीशास्त्र, भूगर्भशास्त्र आणि चार देशांचं पाणी पाठीशी घेऊन आलेली ही विद्यार्थिनी वर्गातल्या इतरांपेक्षा वेगळ्या नजरेने बघत असणार.

दवाखाना टाकून रोगी तपासण्यात त्यांना रस नव्हता. रॉयल फ्री रुग्णालयात त्या शिकवू लागल्या आणि गर्भारपणात बाईच्या शरीरात रासायनिक काय काय बदलतं, याचा अभ्यास करू लागल्या. हा विषय तेव्हा फारसा कुणी हाताळत नव्हतं. मूल सुखरूप बाहेर आलं की प्रसूतितज्ज्ञांचं काम संपे. आईच्या रक्तात, स्नायूंत, चरबीत नऊ महिन्यांत काय उलथापालथ झाली याची वही कुणी ठेवत नसे.

ही उलथापालथ थोडी समजून घेऊ, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. नीट खायला मिळणाऱ्या बाईचं वजन गर्भारपणात साधारण बारा किलोंनी वाढतं. त्यात बाळ तीन किलोंच्या आसपास. उरलेल्यात वार, गर्भजल, वाढलेलं गर्भाशय, वाढलेलं रक्त आणि सुमारे तीन किलो चरबी. ही चरबी म्हणजे शरीराने पुढच्या अंगावर पाजण्याच्या दिवसांसाठी भरून ठेवलेली कणगी. रक्ताचं गणित मजेशीर आहे. रक्तातला पातळ भाग चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतो, तांबड्या पेशी मात्र वीस-तीस टक्क्यांनीच वाढतात. म्हणजे धडधाकट बाईचंही रक्त या काळात थोडं पातळ होतं. वरणात पाणी वाढवलं आणि डाळ तेवढी वाढवली नाही, तसं. ज्या घरात डाळ मुळातच कमी आहे तिथे काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

मुंबईत नेमकं तेच होत होतं. १९२८ साली भारतातल्या स्त्री-वैद्यकीय सेवेच्या डॉ. मार्गारेट बाल्फोर यांच्या सांगण्यावरून लुसीबाई मुंबईला आल्या. बाळंतपणात बायका एवढ्या का दगावतात, याची चौकशी तेव्हा सुरू झाली होती. पैशांची सोय इंडियन रिसर्च फंड असोसिएशनकडून झाली आणि कामाची जागा होती परळची हाफकिन संस्था. परळ म्हणजे गिरणगाव. पहाटे भोंगे वाजायचे आणि चाळींमधून माणसांचा लोंढा गिरण्यांकडे निघायचा, त्यात हजारो बायका असत. त्यांतल्या गरोदर बायकांमध्ये आणि शहराच्या गरीब वस्त्यांत परद्याआड राहणाऱ्या बायकांमध्ये एक विचित्र पंडुरोग दिसत होता. सातव्या-आठव्या महिन्यात चेहरा पिवळट पांढरा पडायचा, पाय सुजायचे, जीभ लाल होऊन सोलायची, दोन पायऱ्या चढल्या तरी धाप लागायची. काही बाळंतपणाआधीच जायच्या, काही बाळंतपणात.

लोह द्यावं तर उपयोग होत नसे. रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला की कारण दिसायचं नाही, पण फरक दिसायचा. लोहाच्या कमतरतेत तांबड्या पेशी लहान आणि फिकट होतात. इथे त्या संख्येने थोड्या, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या होत्या. अशाच मोठ्या पेशी पाश्चात्त्य देशांतल्या म्हाताऱ्या माणसांना होणाऱ्या पर्निशस ॲनिमिया नावाच्या जीवघेण्या आजारात दिसत. त्या आजारावर १९२६ साली बोस्टनच्या मायनो आणि मर्फी यांनी उपाय काढला होता: रोज पाव किलोच्या आसपास जनावराचं यकृत खायला घालणं. त्यासाठी पुढे त्यांना नोबेलही मिळालं. पण मुंबईच्या गरीब बाईला रोज एवढं यकृत कोण देणार आणि यकृताचा महागडा अर्क कोण विकत घेणार?

लुसीबाईंनी काम सुरू केलं ते आजारी बाईच्या घरातून. डॉ. तळपदे यांच्या बरोबरीने त्यांनी मुंबईतल्या वेगवेगळ्या थरांतल्या बायकांचं खाणंपिणं आणि राहणीमान तपासलं. घरात किती माणसं, कमाई किती, ताटात काय पडतं, भाजी किती वेळा, दूध कुणाच्या वाट्याला. आधी संशय जंतूंवरही होता, म्हणून तेही तपासून झालं. त्यातून काही निघालं नाही. ताटातून मात्र निघालं. ज्या बायकांच्या खाण्यात प्रथिनं, फळं, भाजीपाला सगळ्यात कमी, त्यांच्यातच हा आजार सगळ्यात जास्त. गरीब मुस्लिम बायका त्यात सगळ्यात पुढे होत्या, कारण त्यांचं ताट सगळ्यात रिकामं होतं आणि परद्यामुळे घराबाहेर पडणंही नव्हतं. मला या सर्वेक्षणाचं फार अप्रूप वाटतं. प्रयोगशाळेत वाढलेली बाई, भाषा येत नाही, आणि पहिलं काम काय तर दुसऱ्याच्या चुलीपाशी जाऊन बसणं. आज आमच्याकडे अद्ययावत रक्त तपासणी यंत्रं आहेत. पण बाईला काल रात्री काय जेवलीस हे विचारायला ओपीडीत दोन मिनिटं मिळत नाहीत.

मग प्राणी आले. १९२९ साली काही महिने त्या निलगिरीतल्या कुन्नूरच्या पाश्चर संस्थेत जाऊन राहिल्या. रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांचं आहारावरचं प्रसिद्ध संशोधन तिथेच चालू होतं. उंदरांना या गरीब बायकांसारखा आहार दिला, ते आजारी पडले, यीस्ट दिलं की वाचले. सगळं जुळल्यासारखं दिसत होतं. पण पुढे कळलं की उंदरांचा पंडुरोग मुख्यतः उवांवाटे पसरणाऱ्या एका जंतूमुळे होता. विज्ञानात असं होतं. उत्तर बरोबर असतं, पण ते ज्या वाटेने आलं ती वाट चुकीची निघते. लुसीबाईंनी प्राणी बदलला आणि डॉ. बिलिमोरिया यांच्यासोबत माकडांवर काम केलं. माकडाचा आहार गरीब बाईसारखा केला आणि त्याच मोठ्या पेशींचा पंडुरोग माकडात उभा करून दाखवला.

त्यांतलं एक लाडकं माकड अगदी मरायला टेकलं असताना त्याला मार्माइट चाटवलं आणि ते झपाट्याने उठून बसलं, असं सांगतात. मार्माइट हा इंग्रजांच्या न्याहारीतला पदार्थ. बिअर गाळल्यावर पिंपाच्या तळाशी उरलेल्या यीस्टपासून केलेला काळा, खारट, चिकट लगदा. पावाला लावून खातात. ज्याला आवडतो त्याला फार आवडतो, बाकीचे तोंड फिरवतात. स्वस्त मात्र खूप. लुसीबाईंनी तो आजारी बायकांना द्यायला सुरुवात केली. काही दिवसांत रक्तात नव्या कोवळ्या पेशी दिसू लागल्या, भूक लागली, आठवड्यांत हिमोग्लोबिन चढलं. २० जून १९३१ च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे प्रसिद्ध झालं. त्या वर्षी मद्रासच्या कास्ट अँड गोशा रुग्णालयातही त्यांनी काम केलं.

मार्माइटमध्ये असं काय होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण काहीतरी आहे, ते यकृतातही आहे, आणि ते तोवर माहीत असलेल्या जीवनसत्त्वांपैकी नाही, एवढं त्या ठामपणे सांगत होत्या. १९३७-३८ च्या हिवाळ्यात त्या पुन्हा हाफकिनला आल्या, या वेळी आगबोटीऐवजी विमानाने. त्या काळातलं त्यांचं काम सगळ्यात महत्त्वाचं आहे, असं मी मानतो. पर्निशस ॲनिमियावर चालणारा यकृताचा अर्क शुद्ध करत गेलं की तो म्हाताऱ्यांचा आजार बराच बरा करतो, पण मुंबईच्या बायकांवर काहीच परिणाम करत नाही. कच्चा, कमी शुद्ध केलेला अर्क मात्र दोघांनाही चालतो. म्हणजे यकृतात एक नव्हे, दोन वेगवेगळी द्रव्यं असली पाहिजेत, आणि शुद्ध करताना त्यातलं एक फेकलं जातं. या फेकल्या जाणाऱ्या द्रव्याला लोक विल्स फॅक्टर म्हणू लागले.

आता थोडं आडवळण घेऊन मेंढीकडे जाऊ. आमच्या भागातल्या धनगर-हाटकरांच्या दख्खनी मेंढ्या सगळ्यांनी पाहिल्या आहेत. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाची यात्रा तर जनावरांसाठीच ओळखली जाते. मेंढपाळाला जे हाताने चाचपून कळतं, ते शास्त्रज्ञांनी मोजून मांडलं आहे. नुकत्याच जन्मलेल्या कोकराच्या अंगात पाणी जास्त, चरबी नावापुरती. वय वाढतं तसं पाणी कमी होतं, आधी हाड आणि मांस भरतं, मग चरबी. म्हणून जून मेंढी आणि कोवळं कोकरू एकाच चाऱ्यावर असली तरी त्यांचं अंग सारखं भरत नाही. मेंढी साधारण पाच महिने गाभण असते, आणि कोकराच्या वजनाचा सत्तर टक्क्यांच्या आसपास भाग शेवटच्या दीड महिन्यात वाढतो. सुरुवातीच्या महिन्यांत मेंढी चरबी साठवते, शेवटी ती खर्च करते. नेमके हे शेवटचे दिवस उन्हाळ्यात आले, चारा आटला, पोटात जुळी असली, तर चरबी इतक्या वेगाने वितळते की तिच्यातून तयार होणारी आम्लं रक्तात साठतात, मेंढी सुस्त होते, खाणं सोडते आणि मरते. फलटणच्या निंबकर संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीचा जनुक दख्खनीत आणून जुळी देणाऱ्या मेंढ्या तयार केल्या, तेव्हा शेवटच्या दिवसांतल्या चाऱ्याचं महत्त्व आपोआप वाढलं.

पण उपाशी मेंढीलाही मुंबईच्या बाईचा तो मोठ्या पेशींचा पंडुरोग सहसा होत नाही. कारण तिच्या पोटातल्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, रवंथाच्या कोठीत, असंख्य जीवाणू राहतात आणि ब गटातली जीवनसत्त्वं ते तिला तयार करून देतात. माणसाकडे ही कोठी नाही. आपल्याला फॉलिक ॲसिड ताटातूनच मिळवावं लागतं, आणि शरीरातला त्याचा साठा तीन-चार महिनेच पुरतो.

एका गोष्टीत मात्र मेंढीही परावलंबी असते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या काही भागांत हिरव्यागार कुरणात चरणाऱ्या मेंढ्या वाळून वाळून मरत. पोटभर चारा, तरी अंगावर मांस धरत नसे, रक्त पातळ होई. कोकरांची अवस्था सगळ्यात वाईट. लोहखनिजाची माती चारली की त्या सुधारत, म्हणून सगळ्यांना वाटलं लोह कमी आहे. १९३५ साली ऑस्ट्रेलियात दोन ठिकाणच्या संशोधकांनी दाखवलं की गुण लोहाचा नव्हता, त्या मातीतल्या अत्यल्प कोबाल्टचा होता. कोबाल्ट कशासाठी लागतं, याचं उत्तर १९४८ साली मिळालं. त्या वर्षी यकृतातून लाल स्फटिक वेगळे झाले, बी-१२ जीवनसत्त्वाचे, आणि त्याच्या गाभ्यात कोबाल्टचा एक अणू निघाला. मेंढीच्या पोटातले जीवाणू बी-१२ तयार करतात, पण मातीत कोबाल्ट नसेल तर ते तरी काय करणार? पर्निशस ॲनिमिया बरा करणारं यकृतातलं द्रव्य ते हेच. लुसीबाईंनी सांगितलेल्या दोनपैकी दुसरं.

त्यांचं स्वतःचं द्रव्य त्याआधीच हाती आलं होतं. १९४१ साली अमेरिकेत टेक्सासच्या मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी चार टन पालकातून ते वेगळं काढलं आणि पानावरून त्याला फॉलिक ॲसिड नाव दिलं. १९४५ साली ते कारखान्यात तयार करून दाखवलं लेडर्ली प्रयोगशाळेतल्या चमूने, आणि त्या चमूचे प्रमुख होते आंध्रातले यल्लाप्रगडा सुब्बाराव. परळच्या चाळीत सुरू झालेला प्रश्न एका भारतीयाच्या हाताखालीच सुटला, हा योगायोग मला आवडतो.

मोठ्या पेशींचं कोडंही त्यानंतर उलगडलं. पेशी दुभंगायची तर आधी तिच्या डीएनएची दुसरी प्रत तयार व्हावी लागते, आणि त्यासाठी लागणारा एक कच्चा माल फॉलिक ॲसिडशिवाय तयार होत नाही. तो नसला तर पेशी वाढते, फुगते, पण दुभंगत नाही. अशा मोठ्या, अर्धवट पेशी हाडाच्या मगजातच मरतात. आणि गर्भारपण म्हणजे पेशी दुभंगण्याचा कारखानाच. बाळाच्या, वारेच्या, गर्भाशयाच्या, रक्ताच्या. म्हणून एरवी कसंबसं भागणाऱ्या बाईचा साठा नेमका याच काळात रिता होतो. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार बाईला एरवी रोज २२० मायक्रोग्रॅम फोलेट लागतं आणि गर्भारपणात ५७०.

लुसीबाईंच्या पुढच्या आयुष्याबद्दल थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धात त्या लंडनमध्येच काम करत राहिल्या. १९४४ साली रॉयल फ्रीवर जर्मन उडता बाँब पडला, तेव्हाही. युद्धानंतर तिथे रक्तशास्त्राचा पहिला विभाग त्यांनी उभा केला आणि १९४७ साली निवृत्त झाल्या. निवृत्ती नावाचीच. जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका असं फिरून तिथल्या बायकामुलांचा आहार आणि पंडुरोग त्या तपासत राहिल्या. लंडनच्या चेल्सी भागातून मजूर पक्षाच्या नगरसेविकाही झाल्या. लग्न केलं नाही. मोटार परवडत असून कामाला सायकलवर जात, डोंगर चढत, बर्फावर घसरत लांबवर जात. १६ एप्रिल १९६४ रोजी त्या वारल्या.

त्या गेल्यावर सत्तावीस वर्षांनी फॉलिक ॲसिडचं दुसरं मोठं काम सिद्ध झालं. १९९१ साली ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक देशांत केलेल्या चाचणीत दिसलं की आधीचं मूल पाठीच्या कण्यात किंवा मेंदूत जन्मजात व्यंग घेऊन आलं असेल, तर पुढच्या गर्भधारणेआधीपासून फॉलिक ॲसिड घेतल्याने तसं पुन्हा होण्याचा धोका जवळजवळ तीन चतुर्थांशाने घटतो. यातली अडचण अशी की मेंदू-मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर अठ्ठावीस दिवसांतच बंद होते. तेव्हा पाळी चुकली की नाही याचाही नीट अंदाज नसतो. आमच्याकडे नोंदणीला बाई येते तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. म्हणून गोळी सुरू करायची ती मूल हवंय असं ठरल्या दिवसापासून. लग्न होऊन आलेल्या सुनेला हे सांगणार कोण? माझ्या मते हे काम सासूपेक्षा आशाताई चांगलं करते.

मेंढीचीही पुढची गोष्ट आहे. २००७ साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी काही मेंढ्यांच्या आहारातलं कोबाल्ट आणि गंधक कमी करून त्यांच्या शरीरातलं बी-१२, फोलेट आणि मिथिओनिन उतरवलं, तेही फक्त गर्भधारणेच्या आसपासच्या दिवसांत. सहा दिवसांचे गर्भ मग नीट खाणाऱ्या दुसऱ्या मेंढ्यांच्या पोटात ठेवले. कोकरं जन्माला आली ती दिसायला ठीक. पण मोठी झाल्यावर ती जास्त वजनाची, जास्त चरबीची निघाली, इन्शुलिनला दाद न देणारी, आणि रक्तदाबही जास्त. नरांमध्ये हे अधिक ठळक. चारा नंतर भरपूर मिळूनही सुरुवातीच्या थोड्या दिवसांचा हिशेब अंगात राहून गेला होता.

मेंढीचं माणसाला कशाला लावता, असं कुणी म्हणेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर आयांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा करत आहेत. आपली बाळं वजनाने कमी, पण त्या वजनातही चरबीचा वाटा जास्त, हे त्यांनी दाखवून दिलं. २००८ साली त्यांनी प्रसिद्ध केलं की ज्या आयांच्या रक्तात गर्भारपणी फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या सहा वर्षांच्या मुलांत इन्शुलिनला दाद न देण्याची खूण सगळ्यात जास्त दिसली. फोलेट जास्त असलेल्या आयांची मुलं अंगाने चरबीदारही होती. म्हणजे लुसीबाईंची दोन द्रव्यं जोडीनेच लागतात. एकट्या फोलेटने रक्ताचा आकडा सुधारतो, पण बी-१२ कमीच राहिलं तर हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणं असे मज्जातंतूंचे विकार आतल्या आत वाढत राहतात.

आता ताटाकडे आणि त्या लाल गोळीकडे. फोलेटच्या बाबतीत आपला भाग मुळात श्रीमंत आहे. लातूरच्या आडत बाजारात तुरीचे ढीग लागतात; तूर, हरभरा, मूग, शेंगदाणे या सगळ्यात ते आहे. मेथी, शेपू, चुका, तांदुळजा, करडईची कोवळी भाजी, हरभऱ्याचा पाला यांत आहे. फक्त ते उष्णतेने मरतं आणि पाण्यात उतरतं. भाजी उकळून पाणी फेकलं की फोलेट गेलं. कच्च्या मेथीचा, कांदा-शेंगदाणे घालून केलेला घोळाणा यासाठी सगळ्यात चांगला. डाळ पातळ करून पुरवायची आणि घट्ट वरण पुरुषांच्या ताटात वाढायचं, ही रीत मात्र मोडायला हवी. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांना तर पहाटे थापलेल्या भाकरीवर दिवस काढावा लागतो, तिथे भाजीचा पत्ता नसतो. अशा बाईला गोळ्यांचा पूर्ण कोटा जाण्याआधीच हातात मिळाला पाहिजे.

गोळी न खाण्याची कारणंही ठरलेली आहेत. शौचाला काळी होते, मळमळतं, आणि बाळ मोठं होऊन अडेल ही भीती. काळी शौच लोहाची असते, निरुपद्रवी असते. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी. चहाबरोबर घेऊ नये, चहा लोह शोषू देत नाही, लिंबूपाणी चालतं. बाळ अडतं ते गोळीने नाही. देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायका, पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार ५२ टक्के, आजही पंडुरोगी आहेत, आणि प्रसूतीच्या वेळी थोडासा रक्तस्राव त्यांचा जीव घ्यायला पुरतो. गोळी गर्भारपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस घ्यायची असते. दुसरा अर्धा भाग जवळपास सगळ्याच विसरतात.

गोळ्या नेमाने घेऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल, तर आणखी गोळ्या मागू नका. रक्ताच्या अहवालात पेशींच्या सरासरी आकाराचा एक आकडा असतो, एमसीव्ही नावाचा. तो शंभराच्या वर असेल तर डॉक्टरांना बी-१२ बद्दल विचारा, विशेषतः घरात दूध-दही-अंडी फारशी नसतील तर. आकडा ऐंशीच्या खाली असेल तर जंत, लोह न पचणं किंवा सिकलसेल-थॅलेसेमियासारखा वंशपरंपरागत आजार शोधावा लागतो. दोन्ही एकत्र असली तर आकडा मधेच राहून फसवतो, तेव्हा रक्ताचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघावाच लागतो, परळला १९२८ साली बघायचे तसा.